होल्डिंग टँकचा काटा कायम अर्ध्यावर, आणि सेन्सरच्या नावाने घातलेली टोपी

बोट असलेल्यांनी आणि घ्यायच्या विचारात असलेल्यांनी हे जरा वेळ काढून वाचा. होल्डिंग टँक म्हणजे टॉयलेटचं सगळं जिथे साठतं ती टाकी, आणि ती उघडून आत डोकावून बघायची हौस कुणालाच नसते, मालकाला नाही आणि त्याच्या मित्रांना तर नाहीच. या टाकीच्या सेन्सरचं काम करतो म्हणून फसवणाऱ्याचं सगळं भांडवल हेच आहे. इंजिनात खोटं काम केलं तर इंजिन बोंबलतं, इथे मात्र गेजचा (पातळी दाखवणाऱ्या डायलचा) काटा कुठेतरी दिसला की आपण खुश.

माझी टाकी अ‍ॅल्युमिनियमची. (ही मुळात डोकेदुखीच, लघवी आणि खारं पाणी मिळून वेल्डिंगच्या कडा खातात, पण जुनी बोट घेतली की टाकी मिळेल ती.) वरून पाच बोल्टच्या फ्लँजवर (गोल चकतीवर) बसवलेला फ्लोटचा, म्हणजे पातळीबरोबर वरखाली होणाऱ्या तरंगत्या गोळ्याचा सेन्सर आणि पॅनलवर काट्याचं साधं गेज. तक्रार एवढीच होती की काटा मधूनच धपकन रिकाम्यावर पडायचा आणि थोड्या वेळाने आपोआप वर यायचा. टाकी भरत आलेली असताना काटा रिकामी म्हणत असेल तर ते वाईटच, कारण किनाऱ्याजवळ मैला सोडायला बऱ्याच देशांत बंदी आहे. मोठ्या जहाजांसाठीच्या मार्पोल करारात तर प्रक्रिया न केलेला मैला जमिनीपासून 12 सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही. छोट्या बोटीला तिथले स्थानिक नियम लागतात, पण मुद्दा तोच, टाकी भरली आणि पंप-आउट (टाकी उपसून घ्यायची किनाऱ्यावरची सोय) लांब असेल तर तुम्ही अडकलात.

जेटीवर कुणीतरी एकाचं नाव सुचवलं, त्याला बोलावलं. नाव, धंदा काही लिहीत नाही. माणूस बोलायला एकदम गोड. आल्या आल्या म्हणाला आधी टाकी रिकामी करून घ्या, त्याशिवाय मी हात लावणार नाही, मला वाटलं वा, स्वच्छतेचा माणूस आहे. टाकी रिकामी झाल्यावर त्याने सेन्सरच्या दोन्ही वायरी सोडवल्या, मल्टिमीटर लावला आणि मीटर माझ्यासमोर धरला. डिस्प्लेवर डाव्या बाजूला नुसता 1. "सर, हे बघा, सेन्सर ओपन झालाय, आतून तुटला, गेला." मी त्या मीटरचा फोटो काढून ठेवला, मित्राला दाखवायला म्हणून, आणि पुढे तोच फोटो कामाला आला.

आता ही चलाखी समजून घ्या. सेन्सर गेजला पातळी सांगतो ती विद्युत रोधाने, म्हणजे ओहममध्ये. अमेरिकन पद्धतीचा सेन्सर टाकी रिकामी असताना 240 ओहम दाखवतो, अर्धी असताना साधारण 100, पूर्ण भरली की 33. युरोपियन पद्धतीत उलटं, रिकामीला 10 आणि भरलेलीला 180. माझा अमेरिकन. फोटोत मीटरची डायल 200 ओहमवर आहे. 200 च्या रेंजवर 240 मोजायला गेलं की साधा मीटर 1 दाखवतो, म्हणजे एवढंच की आकडा या रेंजच्या बाहेर गेला. डायल एक घर पुढे 2000 वर नेली असती तर 240 च्या आसपास आकडा आला असता आणि सेन्सर ठणठणीत आहे हे मलाही दिसलं असतं. टाकी आधी रिकामी करायचा आग्रह का होता ते आता कळतंय, भरलेल्या टाकीला 33 ओहम आले असते आणि त्याचं नाटक तिथेच पडलं असतं.

मग नवीन सेन्सर कुठला घ्यायचा यावर त्याने मोठं व्याख्यान दिलं. फ्लोट जुना झाला, त्याला कागद गुंडाळतो, मैला चिकटतो, आता सगळे बाहेरून चिकटवायची फॉइलची पट्टी लावतात, टाकीत काही घालायचंच नाही, वास नाही, गळती नाही, सोबत कन्व्हर्टर असतो तो तुमच्या जुन्याच गेजला सिग्नल देतो. यातलं अर्धं खरं आहे आणि म्हणूनच पटतं. बाहेरून लावायच्या पट्ट्या असतात, चांगल्या चालतात, फक्त प्लास्टिकच्या किंवा फायबरच्या टाकीवर, आणि तेही भिंत ठरावीक जाडीच्या आत असेल तर. पट्टीचं विद्युतक्षेत्र भिंतीतून आतल्या पाण्यापर्यंत पोचावं लागतं आणि धातू ते पार अडवून टाकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीवर ती पट्टी चालणं शक्यच नाही, कुठल्याही कंपनीची आणा.

त्याने पूर्ण पैसे अ‍ॅडव्हान्स घेतले, माल मागवायचा म्हणून. पट्टी लावली, जुन्या सेन्सरच्या भोकावर पत्र्याची प्लेट ठोकली, जुना सेन्सर "भंगारात टाकतो" म्हणून पिशवीत घालून घेऊन गेला. गेज चालू केलं तर काटा अर्ध्यावर. मी म्हटलं अहो, टाकी तर आत्ताच रिकामी केलीय. तर म्हणे खाली गाळ असतो सर, शिवाय नवीन सेन्सरला सेट व्हायला वेळ लागतो, दोन-चार वेळा भरू दे, रिकामी होऊ दे, मग बरोबर दाखवेल. सेट व्हायला वेळ लागतो हे वाक्य ज्याच्या तोंडून येईल त्याला तिथेच थांबवा. कुठलाही लेव्हल सेन्सर हळूहळू शिकत नाही. कॅलिब्रेशन असतं, पण ते म्हणजे टाकी रिकामी असताना एकदा आणि भरलेली असताना एकदा बटण दाबायचं, झालं, बहुतेक वेळा ते सोबतच्या पुस्तिकेतच लिहिलेलं असतं.

काटा पुढे अर्ध्यावरच राहिला. फोन केला की कधी वायरिंग जुनं, कधी गेज जुनं, कधी बोट कललेली होती म्हणून, दरवेळी नवीन कारण. आणि मग एका मुक्कामी काटा शांतपणे अर्धी म्हणत असताना टाकी गच्च भरली, वर चढलेला मैला व्हेंटच्या (टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या) पाइपात गेला आणि व्हेंट तुंबला. टॉयलेटचा पंप जड चालायला लागला तेव्हाच थांबायला हवं असतं, कारण व्हेंट बंद असताना आपण आत ढकलतो ते सगळं टाकीत दाब बनून बसतं. पंप-आउटला गेल्यावर डेकवरच्या उपसायच्या तोंडाची टोपी पूर्ण सुटायच्या आधीच जे काय फवारलं त्याचं वर्णन करत नाही, जेवणाच्या वेळी वाचणारेही असतील. हातात ग्लोव्ह्ज होते आणि तोंड बाजूला होतं म्हणून निभावलं. नुसता घाणीचा प्रश्न नाहीये, त्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो, जास्त प्रमाणात तो आधी नाकाला बधिर करतो आणि मग जिवावर उठतो. म्हणून खोटा काटा हा फक्त पैशाचा विषय नाही.

सफाई झाल्यावर मित्र आला, त्याने दोन मिनिटांत निकाल लावला. गेज चालू ठेवून टाकीजवळ पट्टीच्या कन्व्हर्टरची वायर उपटली. अमेरिकन गेजला वायर तुटली की काटा रिकाम्यावर जायला पाहिजे, आणि सिग्नलची वायर अर्थला (बॅटरीच्या निगेटिव्ह बाजूला) टेकवली की भरलेल्यावर. (युरोपियनला नेमकं उलटं.) आमचा काटा जागचा हलला नाही, अर्ध्यावरच. म्हणजे गेजला जे काही दिसतंय ते टाकीकडून येतच नाहीये. मग वायर धरून मागे मागे गेलो, पॅनलच्या मागे एका ठिकाणी हीट श्रिंक (वायरीवर गरम करून आवळलेली प्लास्टिकची नळी) जरा जाड लागली, ती चिरली तर आत एक रेझिस्टर, ठरावीक ओहमचा छोटा पार्ट. पट्टे तपकिरी, काळा, तपकिरी, म्हणजे 100 ओहम. बरोबर अर्धी टाकी! आणि त्याचं दुसरं टोक थेट अर्थला. कन्व्हर्टरची वायर त्या बंडलमध्ये नुसती टेपने गुंडाळलेली, कशालाच जोडलेली नाही.

माझा अंदाज असा की पट्टी धातूच्या टाकीवर चालत नाही हे त्यालाही लावल्यावरच कळलं असावं आणि पैसे परत द्यायच्या ऐवजी त्याने हा उद्योग केला. पण मीटरची ट्रिक मात्र सरावाची वाटते. मूळ बिघाड काय होता तर सेन्सरच्या अर्थच्या वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) हिरवा पडून अर्धा तुटलेला, जुनी वायर अजून तिथेच लटकत होती. संपर्क सुटला की काटा रिकाम्यावर, हलून पुन्हा जुळला की जागेवर. नवीन टिन केलेला लग क्रिम्प केला (दाबून बसवला) असता तर काम संपलं असतं. माझा जुना सेन्सर बहुतेक कुठल्यातरी बोटीवर घासूनपुसून नवीन म्हणून बसला असणार, सिद्ध करता येत नाही कारण तो माझ्याकडे नाही. काढलेला प्रत्येक पार्ट, कितीही घाण असला तरी, पिशवीत बांधून स्वतःकडे ठेवा.

यातलाच अजून एक प्रकार ओळखीतल्या एकाच्या बाबतीत झाला तोही सांगतो. त्याच्या अमेरिकन गेजला युरोपियन सेन्सर लावून दिला, काटा उलटा चालायला लागला, मग "गेजच खराब आहे" म्हणून नवीन गेजही विकलं. खरेदीच्या आधी गेजच्या मागे बघा, बऱ्याचदा ओहमचे आकडे छापलेले असतात.

आता मी काय लावलं. धातूची टाकी असल्यामुळे पट्टी बाद. वरून बसणारा अल्ट्रासॉनिक चांगला पर्याय आहे, त्याला मैला लागत नाही, पण टाकी पूर्ण भरत आली की शेवटचे काही सेंटिमीटर त्याला दिसत नाहीत, शिवाय फेस, वाफेचे थेंब किंवा खाली साचलेला कागदाचा ढीग याने तो फसतो. माझी टाकी उंचीला कमी आणि आत आडव्या पट्ट्या, म्हणून नको म्हटलं. हवेच्या दाबाने पातळी सांगणारा प्रकारही असतो, टाकीत फक्त एक नळी, हातपंपाने हवा मारायची आणि डायल वाचायची, बॅटरी नाही काही नाही, मला फार आवडला होता पण पंप मारायला घरातलं कुणी तयार नाही. शेवटी परत फ्लोटच, रीड स्विचवाला (फ्लोटमधल्या चुंबकाने नळीतले छोटे स्विच लागतात तो), 316 स्टेनलेसच्या नळीवर सरकणारा, त्याच पाच बोल्टच्या भोकात. याचा काटा टप्प्याटप्प्याने उडी मारत सरकतो, तो बिघाड नाही, आतले स्विच अंतरावर असतात म्हणून.

देखभाल फार नाही. दर पंप-आउटनंतर टाकीत स्वच्छ पाणी घालून परत उपसायचं, फ्लोटला चिकटलेलं बरंचसं त्यातच जातं. खाऱ्या पाण्याचं टॉयलेट असेल तर लघवीशी मिळून चुन्यासारखा थर बसतो, त्यामुळे सीझनला एकदा सेन्सर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये भिजवतो, ब्रशने घासतो, बाहेरच हाताने फ्लोट वरखाली करून मीटरवर 240 ते 33 नीट फिरतंय ना बघतो, अर्थात डायल 2000 वर ठेवून. बसवताना गॅस्केट नवीन. व्हेंटमध्ये बाहेरून होसने पाणी मारतो. आणि टाकी धुतलेली असते तेव्हाच मोजून पाणी ओतायचं, निम्म्या क्षमतेइतकं ओतल्यावर काटा निम्म्याच्या जवळ आला पाहिजे. कारागीर कोणीही असो, ही चाचणी समोर करून दाखवल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. नाही म्हणाला, टाळाटाळ केली, तर समजून जा.

त्या माणसाला रेझिस्टरचा फोटो पाठवला. आधी म्हणाला तो आधीच्या मालकाने लावला असेल, मग म्हणाला टेम्पररी लावला होता, कन्व्हर्टर यायचा होता. मी मीटरच्या डायलचा फोटो पाठवल्यावर दोन दिवस शांत, आणि नंतर थोडे पैसे परत आले, बाकीचे "पुढच्या कामात अ‍ॅडजस्ट करू" म्हणे. पुढचं काम कसलं डोंबलाचं. तक्रार करायला गेलो तर अडचण अशी की बिलावर फक्त सेन्सरचं काम एवढंच लिहिलेलं, कुठला सेन्सर, कुठला मॉडेल नंबर, कुठल्या टाकीवर, काहीच नाही. तुम्ही बिल घेताना सेन्सरचा प्रकार, मॉडेल, ओहमची रेंज आणि "टाकी धातूची/प्लास्टिकची" हे चार शब्द लिहून घ्या, आणि रिकामी, अर्धी, भरलेली अशा तिन्ही वेळचे गेजचे फोटो तारखेसकट त्याच बिलासोबत ठेवा.