हिरवा कागद खरा होता, तलवार मात्र त्याची नव्हती

२०२२च्या नोव्हेंबरमध्ये मी टोकियोत १५ लाख येन देऊन एक जुनी जपानी तलवार घेतली. तेव्हाच्या दराने साधारण पावणेनऊ लाख रुपये. ज्या कारागिराची म्हणून घेतली त्याची ती नाही, आणि तिच्यासोबत मिळालेला दाखलाही तिचा नाही. घरी सांगायलाच मला सहा महिने लागले. पण आता टोकियोतल्या निशी-कासाई वस्तीतली आपली दोन-तीन मंडळी ‘आम्हालाही एक घ्यायची आहे, कुठून घेऊ?’ म्हणून विचारू लागली आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

तलवारीचं वेड मला लहानपणापासूनचं. साताऱ्याच्या घरी खंडेनवमीला आजोबा कपाटातून एकच तलवार काढायचे. तेल लावायचे, हळदकुंकू वाहायचे, आणि पात्याला बोट लावलं की रागवायचे. टोकियोला आल्यावर उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात मिकाझुकी मुनेचिका ही नावाजलेली तलवार पाहिली. धारेलगत चंद्रकोरीसारख्या फिकट रेषा आहेत, त्यावरूनच तिचं नाव पडलं. त्या काचेसमोरून मी अर्धा तास हलले नाही. मग पुस्तकं आणली, दर महिन्याला संग्रहालयं पालथी घातली, आणि तीन वर्षांत मला वाटायला लागलं की आपल्याला कळतंय.

मला हवी होती ओसाफुनेची तलवार. ओसाफुने म्हणजे जुन्या बिझेन प्रांतातलं, आताच्या ओकायामाकडचं, तलवारी घडवणाऱ्यांचं गाव. तिथे सुकेसादा हे नाव लावणारे कारागीर पन्नासाच्या वर होऊन गेले. सोळाव्या शतकात लढायांचं रान पेटलेलं असताना त्यांनी सैन्यासाठी ढिगाने पाती घडवली, आणि त्यांच्यावर नुसतं ‘बिशू (म्हणजे बिझेन) ओसाफुने सुकेसादा’ एवढंच कोरलं. एखाद्या सरदाराने खास मागणी करून घडवून घेतलेलं पातं असेल, तर त्यावर कारागीर आपलं व्यक्तिगत नावही घालायचा. त्यात योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा हा सगळ्यांत नावाजलेला. नुसता सुकेसादा आणि योसोझाएमोन सुकेसादा यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक पडतो. नाव खोटं कोरण्याचा मोह नेमका इथेच होतो.

विक्रेता मला जुन्या वस्तूंच्या बाजारात भेटला. सत्तरीचा, अतिशय मृदू बोलणारा माणूस. माझं जपानी ऐकून त्याने कौतुक केलं, चहाला घरी बोलावलं. तिसऱ्या भेटीत त्याने तलवार काढली. कुठल्याशा जुन्या घराण्याच्या कोठारातून निघालेली, वारसांना कर भरायचा आहे म्हणून घाईने विकायची आहे, असं सांगितलं. शनिवारी दुसरा एक संग्राहक पाहायला येणार आहे, हेही सांगितलं. आज ही दोन वाक्यं मला कोणी ऐकवली तर मी तिथूनच उठेन. तेव्हा मात्र मी शुक्रवारी बँकेत गेले.

त्याने काय काय दाखवलं ते नीट सांगते, कारण यातली एकही गोष्ट उघडउघड खोटी नव्हती.

पहिला, नोंदणीचा दाखला, तोरोकुशो. जपानमध्ये तलवार बाळगायची तर तो तलवारीसोबत असावाच लागतो. प्रांताच्या शिक्षण मंडळाकडून तो मिळतो. त्यावर प्रकार, लांबी, बाक, मुठीतल्या खिळ्यासाठीची भोकं किती आणि पात्यावर कोरलेला मजकूर एवढं लिहिलेलं असतं. माझ्या तलवारीचा दाखला १९५१चा होता. नोंदणी सुरू झाली तेव्हाच्या, म्हणजे सुरुवातीच्या वर्षांतल्या दाखल्यांना संग्राहक मान देतात, कारण मोठ्या सरदार घराण्यांनी आपापल्या तलवारी तेव्हाच नोंदवून घेतल्या. विक्रेत्याने दाखल्यावरच्या त्या वर्षावर बोट ठेवलं आणि नुसता हसला. बोलला काहीच नाही. पण तोरोकुशो म्हणजे पारख नव्हे. नोंदणी करणारा अधिकारी पात्यावर जे कोरलेलं दिसतं ते उतरवून घेतो. ते खरं आहे असं तो कुठेच म्हणत नाही. हे मला माहीत होतं. तरीही सरकारी कागदावर ‘योसोझाएमोन-नो-जो सुकेसादा’ ही अक्षरं वाचली आणि मन विरघळलं.

दुसरा, तो हिरवा कागद. जपानी कला-तलवार जतन संस्था १९४८मध्ये स्थापन झाली. हीच संस्था तलवारींची परीक्षा करून दाखले देते. तोकुबेत्सु किचो नावाचे तिचे जुने दाखले हिरवट कागदावर असत. १९८२पासून त्या जुन्या श्रेणी बंद करून संस्थेने होझोन, तोकुबेत्सु होझोन अशा नव्या श्रेणी आणल्या. जुन्या हिरव्या कागदांवर बाजाराचा फारसा विश्वास उरलेला नाही. चांगली दुकानं तलवार नव्याने परीक्षेला पाठवून नवा दाखला घेतल्याशिवाय मोठं नाव सांगून विकत नाहीत. हेही मी वाचलेलं होतं! मी विचारलं, ‘नवा दाखला का नाही काढला?’ तो म्हणाला, ‘वारसांना घाई आहे. तुम्ही काढा, किंमत दुप्पट होईल.’ मी त्या दुप्पट किमतीचाच विचार करत घरी आले.

तिसरं, खुद्द सही. त्याने बांबूचा खिळा काढून मूठ उतरवली आणि मुठीत जाणारा भाग, नाकागो, माझ्यापुढे धरला. एका बाजूला पूर्ण नाव, दुसऱ्या बाजूला ‘एइशो ९, आठव्या महिन्याचा एक दिवस’, म्हणजे १५१२. मी फोनवर त्या सहीचं पुस्तकातलं चित्र काढून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. जुळलं. तेव्हा मला एवढं सुचलं नाही, की खोटी सही करणाऱ्यासमोरही कुठल्यातरी खऱ्या सहीचा ठसा असणारच. तो बघूनच तर तो कोरतो. आकार जुळणं ही अगदी पहिली पायरी आहे, आणि मी तिथेच थांबले.

पैसे रोख दिले. पावती मिळाली. वीस दिवसांच्या आत शिक्षण मंडळाला मालकी बदलल्याचं कळवायचं असतं, तेही मी नियमाने केलं. मग र्‍योगोकूच्या तलवार संग्रहालयात जाऊन तलवार परीक्षेला दिली. काही आठवड्यांनी निकाल आला. नापास. सही खरी नाही.

मी ती एका जुन्याजाणत्या तोगिशींकडे नेली. तोगिशी म्हणजे आपले शिकलगार, पातं ओल्या दगडावर घासून त्याचं पोलाद दिसेल असं करणारे. त्यांनी पातं पाहिलंच नाही आधी. मूठ उतरवून नाकागो दिव्याखाली तिरका धरला आणि मलाच विचारलं, ‘एका हाताने धरायची तलवार आहे ना ही? मग हा भाग एवढा लांब कसा?’

त्या काळात ओसाफुनेला आखूड, एका हाताने चटकन उपसायच्या तलवारी घडत. त्यांचा नाकागो एका मुठीपुरता, तोकडा असतो. माझ्या तलवारीचा दोन्ही हातांना पुरून उरेल एवढा होता. हे मी दोन पुस्तकांत वाचलं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर उत्तरही दिलं असतं. समोर सही आल्यावर बाकीचं दिसलंच नाही.

मग त्यांनी भिंगातून दाखवलं. जुन्या कोरीव अक्षराच्या कडेला छिन्नीने वर आलेला धातू शतकानुशतकं झिजून गोलसर होतो, आणि अक्षराच्या तळाचा गंज आजूबाजूच्या गंजाशी एकजीव होतो. माझ्या तलवारीवर अक्षरांच्या तळाशी काळा रंग दिल्यासारखा एकसारखा थर होता. रेघा मध्येच अडखळत होत्या. ‘रोज स्वतःचं नाव कोरणारा माणूस असा अडखळत नाही,’ ते म्हणाले. अक्षरांभोवती कानशीचे मूळ ओरखडेही कुणीतरी ठोकून पुसले होते. पात्यावर त्या घराण्याची ओळख म्हणून सांगितली जाणारी खेकड्याच्या नांगीसारखी नागमोड कुठेही नव्हती. पातं त्यांच्या मते एदो काळातलं, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातलं, नीटस, प्रामाणिक, पण ओसाफुनेचं नाही.

शेवटी त्यांनी हिरवा कागद मागितला. त्यावर लांबी जुन्या मापात होती, २ शाकू १ सून ५ बू. एक शाकू म्हणजे ३०.३ सेंटिमीटर. त्यांनी मांडलेला हिशेब, ६५.१ सेंटिमीटर. तोरोकुशोवर लांबी होती ६३.८. दोन्ही कागद दोन महिने माझ्या एकाच फायलीत होते. एक जुन्या मापात, एक सेंटिमीटरमध्ये, आणि मी ते कधी एकमेकांशेजारी ठेवून गुणाकार केला नाही. शाळेतल्या मुलाला जमेल असा गुणाकार! पाजळताना सव्वा सेंटिमीटर जात नाही. मुद्दाम लांबी कमी केली असेल तर मुठीजवळच्या खाचेवर त्याची खूण राहते, तशी खूणही नव्हती. कागद खरा होता. तो दुसऱ्याच तलवारीचा होता.

मी विक्रेत्याला फोन केला. तितक्याच मृदू आवाजात तो म्हणाला, ‘मी कुठे म्हटलं ती त्याचीच आहे? माझ्याकडे जे कागद होते ते दिले.’ पावती काढून पाहिली. तिच्यावर लिहिलेलं होतं, ‘तलवार, एक नग’. कारागिराचं नाव नाही, काळ नाही. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला जो परवाना लागतो त्याचा क्रमांक नाही. तो परवाना मी मागितलाच नव्हता. ग्राहकांसाठीच्या १८८ क्रमांकावर फोन केला. पलीकडच्या बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘लेखी काय आहे?’

म्हणून घेणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. पावतीवर कारागिराचं पूर्ण नाव, लांबी, आणि ‘परीक्षेत सही खोटी ठरल्यास पैसे परत’ हे वाक्य लिहून घ्या. चांगला दुकानदार ते बिनतक्रार लिहून देतो, शिन्बाशीला दरवर्षी भरणाऱ्या तलवारींच्या मोठ्या बाजारात मी हे नंतर विचारून पाहिलं. लिहायला जो कचरतो त्याचा चहासुद्धा घेऊ नका. फोटो काढाल तर फक्त सहीचा नको, मुठीतल्या संपूर्ण भागाचा, दोन्ही बाजूंनी, तिरक्या उजेडात काढा आणि ज्याला ती तलवार विकण्यात काही मिळणार नाही अशा माणसाला दाखवा. मोठ्या नावाची तर जास्तच भीती बाळगा. कोतेत्सू या कारागिराबद्दल जपानी संग्राहक म्हणतातच, की कोतेत्सू दिसली तर ती खोटी समज. आपल्याकडे शिवरायांच्या होनाबद्दल जाणती माणसं हेच सांगतात.

मागच्या वर्षी मी ती विकायचा विचार केला. एका व्यापाऱ्याने तलवार पाहिली, तीन लाख येन म्हणाला. मग फायलीतला हिरवा कागद त्याच्या नजरेस पडला. ‘हा सोबत देणार असाल तर आठ देतो.’ मी त्याला ६५.१ आणि ६३.८ चा हिशेब दाखवला. तो म्हणाला, ‘ते मला दिसलंय.’

तलवार मी परत घरी आणली. महिन्यातून एकदा तिला लवंगतेल लावते, आजोबा लावायचे तसंच सावकाश. हिरवा कागद वेगळ्या पाकिटात ठेवला आहे आणि पाकिटावर ठळक लिहिलंय, ‘ही लांबी ६५.१ सें.मी. या कागदाची तलवार माझ्याकडे नाही.’ २ शाकू १ सून ५ बूची ती सुकेसादा कुठेतरी कुणाच्या तरी घरी बिनकागदाची पडून असेल. कुणाच्या पाहण्यात आली, तर मला कळवा. कागद तिचा आहे, मी तो स्वतः नेऊन देईन.