फौंड्रीतला दोन टनी इलेक्ट्रिक चेन होइस्ट: दोन पावसाळ्यांनंतर

होइस्ट म्हणजे जड नग उचलायचं यंत्र. त्याच्या ब्रोशरमध्ये क्षमता असते, वेग असतो, मोटर किती किलोवॅटची तेही असतं. तो साफ करायला किती वेळ लागतो हे कुणीच छापत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीच्या फेटलिंग शॉपमध्ये, म्हणजे ओतलेले नग कापून-घासून साफ करायच्या विभागात, या होइस्टने आता दोन पावसाळे काढलेत. आमच्यासारख्या वाळू-धुळीच्या जागी खरेदी याच एका गोष्टीवर ठरवावी, असं माझं मत झालंय.

यंत्र साधं आहे. 2 टन क्षमता, दोन फॉल (हुक पेलणाऱ्या चेनच्या दोन लोंबत्या बाजू), 6 मीटर लिफ्ट, 7.1 मिमी जाडीची आणि 21 मिमी पिचची (पिच म्हणजे एका कडीची आतली लांबी) ग्रेड 80 चेन, इलेक्ट्रिक ट्रॉली, लोंबता पेंडंट (बटणांचा डबा). वेग मिनिटाला साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे हुक तळापासून वर जाईपर्यंत मधल्या मधे तंबाखू मळून होते. आमचा माल म्हणजे पंप बॉडी, व्हॉल्व्ह बॉडी, मशीनचे बेड. बहुतेक नग आठशे किलो ते दीड टन. नॉकआउटहून (साचा फोडायच्या जागेवरून) आलेला नग उचलायचा, रायझर (ओतताना राहिलेला जादा धातू) कापायला फिरवायचा, ग्राइंडिंगला द्यायचा, मग शॉटब्लास्टिंगच्या (बारीक धातूच्या गोळ्या मारून साफ करायच्या) ट्रॉलीवर ठेवायचा. वितळलेल्या धातूच्या लॅडलला हा होइस्ट लावत नाही. त्या कामाची क्रेन वेगळी आहे आणि वेगळीच असली पाहिजे.

आधी चांगलं सांगतो. ब्रेक उत्तम. वीज गेली की स्प्रिंग आपोआप डिस्क दाबून धरते, नग हवेत जिथल्या तिथे थांबतो. मागचं कव्हर चार स्क्रूंवर निघतं आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालायला पुरेशी जागा आहे. डिस्कवरचं घासणारं अस्तर, म्हणजे लायनिंग, झिजलं की कॉइलसमोरची गॅप वाढते. ती फार वाढली तर ब्रेक सोडवणाऱ्या विजेच्या कॉइलला डिस्क नीट ओढता येत नाही, ब्रेक घासत राहतो, मोटर तापते आणि जळका वास सुटतो. तोवर थांबायचं नसतं. आमच्याकडे आतापर्यंत गॅप एकदाच परत लावावी लागली, तीही शिडीवर उभं राहून, होइस्ट खाली न उतरवता. कव्हर उघडताना मात्र आधी बाहेरचा भुकटा पुसून घ्यायचा, नाहीतर तोच लायनिंगवर पडतो.

आता खरी डोकेदुखी: चेनची पिशवी.

वापरात नसलेली चेन साठवायला होइस्टच्या पोटाशी कापडी पिशवी दिली आहे. स्वच्छ मशीन शॉपमध्ये ती ठीक असेल. फेटलिंगमध्ये दिवसभर ग्राइंडरचा भुकटा आणि मोल्डिंगची वाळू उडत असते आणि वर तोंड उघडून बसलेली ही पिशवी सगळं झेलते. चेनला लावलेलं तेल निथळून तळाशी जमतं, त्यात वाळू मिसळते आणि काळी लापशी तयार होते. हुक खाली सोडला की चेन त्या लापशीतून उठून थेट लोड व्हीलच्या (चेन ओढणाऱ्या चाकाच्या) खाचांमध्ये जाते. सिलिका वाळू पोलादाला घासते हे आमच्या धंद्यात कुणाला सांगायला नको. शॉटब्लास्टिंग येण्याआधी कास्टिंग साफ करायला वाळूच मारायचे. म्हणजे चेनला तेल द्या असं मॅन्युअल सांगतं, आणि तेल दिलं की आमच्याकडे त्याचीच पॉलिशिंग पेस्ट होते.

उपाय दोन केले. पिशवीच्या तळाला पितळी आयलेट ठोकून निचऱ्याची भोकं पाडली आणि तोंडावर रेक्झिनची झापड शिवून घेतली, मधे चेनपुरती चीर ठेवून. दुसरं म्हणजे ग्रीस बंद. पूर्वीच्या चेन पुलीला आमचे मिस्त्री हातानेच ग्रीस थापायचे आणि चेन काळी कुळकुळीत दिसली की समाधानी व्हायचे. ते ग्रीस दोन कड्या जिथे एकमेकींवर बसतात तिथे पोहोचतच नाही, बाहेर बसून वाळू मात्र गोळा करतं. आता पातळ तेल वापरतो. चेन सैल असताना हाताने हलवत, कड्यांच्या सांध्यात जाईल असं सोडायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं आणि मग कोरड्या बनियन वेस्टने (बनियनच्या कापडाच्या चिंध्यांनी) वरचं सगळं पुसून काढायचं. पुसलेली चेन कोरडी दिसते, म्हणून सुरुवातीला बरीच कुरकुर झाली. "मामा, चेन वाळलीया," असं पोरं येऊन सांगायची आणि मिस्त्रीमामा पुन्हा डबा उचलायचे.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हे काम अर्ध्या तासात होतं. आधी नायलॉन ब्रशने वाळू झाडायची, मग व्हॅक्यूम, मग केरोसीनमध्ये ओलावलेलं वेस्ट, शेवटी तेल. कॉम्प्रेसरची हवा मारायला सक्त मनाई आहे. हवेने वाळू बाहेर जाण्याऐवजी सीलमधून बेअरिंगकडे सरकते, आणि उडालेली बारीक सिलिका माणसाच्या फुप्फुसात जाते ते वेगळंच. गंज काढायला ॲसिड तर अजिबात नको. ग्रेड 80 सारख्या कडक पोलादात ॲसिडमुळे हायड्रोजन शिरतो आणि वरून चकचकीत दिसणारी कडी ठिसूळ होऊन बसते.

साफसफाई झाल्यावर पहिलं बघायचं ते चेनचा पीळ. दोन फॉलच्या होइस्टमध्ये खालचा हुक ब्लॉक (हुक बसवलेला ठोकळा) जमिनीवर टेकवून चेन सैल केली आणि पुसताना ब्लॉक चुकून दोन फॉलमधून पलटी झाला, तर चेनला पूर्ण पीळ बसतो. रिकाम्या हुकावर तो पटकन दिसत नाही. प्रत्येक कडीवर वेल्डचा सांधा असतो. सरळ चेनमध्ये उभ्या कड्यांचे सांधे वरपासून खालपर्यंत एका रेषेत दिसतात. रेष फिरत गेली की समजायचं ब्लॉक पलटलाय. आमच्याकडे असं झालेलं आहे आणि सकाळी नग लावायच्या आधी ते दिसलं म्हणून बरं.

मोजमापाला मोठं व्हर्नियर लागतं. 11 कड्यांच्या पिचची बेरीज नव्या चेनला 231 मिमी. मॅन्युअलने 2 टक्के वाढीची मर्यादा दिली आहे, म्हणजे 235 च्या पुढे काटा गेला की नवी चेन मागवायची. कडीची जाडी 10 टक्के घटली तरी तेच. जिथे रोज नग उचलला जातो त्या पट्ट्यातच मोजा. टोकाची चेन कायम नव्यासारखीच असते. आमची अजून मर्यादेच्या बरीच आत आहे. पिशवी बदलायच्या आधीच्या महिन्यांत मात्र वाढ भराभर होत होती. माझ्या वहीतले आकडे शेजारी शेजारी ठेवले की हे स्पष्ट दिसतं.

पलीकडच्या बेमध्ये (शेडच्या दुसऱ्या भागात) जुना वायर रोप होइस्ट आहे. त्याचा जाच वेगळा: तुटलेल्या तारा मोजायच्या, ड्रमवरची गुंडाळी बघायची, आणि रोप केरोसीनने धुवायचा नाही, कारण गाभ्यातलं वंगण निघून जातं आणि आतून गंज चढतो. पावसाळ्यात मला चेनच परवडते. तिचा गंज निदान डोळ्यांना दिसतो.

खंडेनवमीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. त्या दिवशी सगळी फौंड्री धुऊन निघते, होइस्टच्या हुकाला झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढा. त्याला ना नाही. पण आदल्या दिवशी कुणीतरी उत्साहाने हुकाला लाल ऑइलपेंट फासतो आणि तिथेच माझं डोकं फिरतं. रंगाखाली बारीक चीर झाकली जाते, क्षमतेचा ठोकलेला आकडाही बुजतो. हुकाचं तोंड किती उघडलं हे मोजायला मारलेल्या दोन पंचखुणा गेल्या वर्षी अशाच रंगात बुडाल्या. आता हुकाला फक्त माळ. पाइपने पाणी मारणंही बंद. खाली लोंबणारा पेंडंट आणि वरचं पॅनल झाकून, ओल्या फडक्यानेच पुसायचं.

तक्रारी आहेत. पेंडंटची रबरी बूट (बटणांवरचं आवरण) एका उन्हाळ्यात तडकली. वरचा लिमिट स्विच (हुक फार वर आला की मोटर थांबवणारा) अशा कोपऱ्यात आहे की तो साफ करायला चेन गाईड (चेनला चाकावर नीट नेणारा भाग) काढावी लागते. गाईड स्वतःच झिजणारी वस्तू, पण सुटी मागवली तर डीलर आठवडे लावतो. सगळ्यात राग येतो तो यात फेज सीक्वेन्स रिले (विजेच्या फेज उलट्या जोडल्या तर मोटर चालू न देणारा) नाही याचा. शेडच्या पॅनलचं काम झालं आणि इलेक्ट्रिशियनकडून दोन फेज उलटे जोडले गेले. "खाली" दाबलं की हुक वर जायला लागला. अशा वेळी वरचा लिमिट स्विच वरच्या बटणाचा कॉन्टॅक्टर (मोटरला वीज देणारा स्विच) तोडतो, आणि चालू असतो दुसराच. म्हणजे तो असून नसल्यासारखा. हुक ब्लॉक बॉडीला टेकला आणि जादा ओढ आली की घसरणारा स्लिप क्लच घसरला म्हणून चेन वाचली. रिले बाहेरून घेऊन बसवला, कंपनीने दिला असता तर किमतीत फरकही जाणवला नसता.

नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 29 ने घालून दिलेली 12 महिन्यांतून एकदाची सक्षम व्यक्तीची तपासणी झाली. तपासायला आलेल्यांनी चेन आणि हुक बघून माझी वही मागितली आणि निम्मा वेळ त्यातच घालवला.

दुसऱ्या बेसाठी हाच होइस्ट घेतोय. ऑर्डरमध्ये तीन ओळी वाढवल्या आहेत: कापडी पिशवीऐवजी निचऱ्याची भोकं असलेली पत्र्याची बादली, फेज रिले, आणि होइस्टसोबतच एक सुटी चेन गाईड. डीलर म्हणतो बादली खडखडते. खडखडू दे, फेटलिंगमध्ये कुणाला ऐकू येणार आहे?