1997च्या आशियाई संकटातील पतमानांकन सेवा: पाचपैकी दोन गुण

देशांच्या पतमानांकनाकडे, म्हणजे कर्ज फेडण्याच्या त्यांच्या क्षमतेला मानांकन संस्था देतात त्या अक्षरी श्रेणींकडे, एक सेवा म्हणून पाहिले आणि 1997 साली आशियाई रोखे बाळगणाऱ्या गुंतवणूकदाराच्या ती किती कामी आली एवढेच तपासले, तर मी तिला पाचपैकी दोन गुण देईन.

गुंतवणूकदाराची चिंता साधी होती: सगळ्यांनी एकदम पैसे मागितले, तर देशात तेवढे डॉलर आहेत का? थायलंडने 2 जुलैला आपले चलन बाट ठरावीक दरातून मोकळे सोडले तेव्हा परकीय चलनाची गंगाजळी कागदोपत्री 30 अब्ज डॉलरहून अधिक होती. पण बाट सावरण्यासाठी केलेल्या वायदे व्यवहारांत, म्हणजे पुढच्या तारखेला डॉलर देण्याच्या करारांत, तिचा बहुतेक भाग आधीच अडकलेला होता. मानांकनाच्या दोन-तीन अक्षरांतून हे उमगणे शक्यच नव्हते. एका संस्थेने थायलंडचे अल्पमुदतीचे मानांकन सप्टेंबर 1996 मध्येच उतरवले होते, हे मात्र मान्य करायला हवे. पहिला गुण त्याचा.

दक्षिण कोरियाच्या बाबतीत ही सेवा पुरती उघडी पडली. एका आघाडीच्या संस्थेने ऑक्टोबर 1997च्या उत्तरार्धापर्यंत त्या देशाला ‘एए मायनस’ या भक्कम श्रेणीत ठेवले आणि पुढच्या दोन महिन्यांत दहा पायऱ्या खाली ढकलून 22 डिसेंबरला गुंतवणूकयोग्य श्रेणीखालच्या ‘बी प्लस’वर आणले. मदतीसाठी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी करार 3 डिसेंबरला जाहीर झालेला असताना आलेला हा इशारा म्हणजे वरातीमागून घोडे. शिवाय तो निरुपद्रवीही नव्हता: अनेक फंडांना आपल्या नियमांनुसार गुंतवणूकयोग्य श्रेणीखालचे रोखे ठेवता येत नाहीत, त्यामुळे श्रेणी घसरताच त्यांना विक्री करणे भाग पडते, आणि डॉलरसाठी आधीच तडफडणाऱ्या देशाला नवे कर्ज आणखी महाग पडते.

खरे तर विचारण्याजोगा आकडा एकच होता, तो म्हणजे वर्षाच्या आत फेडायच्या परकीय कर्जाचे गंगाजळीशी असलेले प्रमाण. 1997च्या मध्यास कोरियात, केवळ परकीय बँकांचे देणे धरले तरी, ते दुपटीच्या आसपास होते. ज्या सेवेचे कामच परतफेडीची क्षमता जोखणे आहे, तिने याला इतके कमी वजन द्यावे, हे मला समर्थनीय वाटत नाही. दुसरा गुण मी नाइलाजाने देतो: बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्स या मध्यवर्ती बँकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची परकीय बँकांच्या देण्याची ही आकडेवारी तेव्हा सहामाही असे आणि कित्येक महिने उशिरा हाती येई, त्यामुळे सामान्य गुंतवणूकदाराला या अक्षरांखेरीज दुसरा सोपा आधार नव्हता.