नमुना खरा, गोण्या खोट्या: अळीखतात मी कसा फसलो

गव्हाला किंवा मक्याला अळीखत घालायचा विचार असेल, तर गोण्या उतरवून घेण्याआधी एवढं वाचा.

ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या पाळल्यावर मागे उरते ती विष्ठा, कात आणि उष्टं खाद्य. यालाच फ्रास किंवा अळीखत म्हणतात. खत म्हणून ते उत्तमच आहे, माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही. विक्रेत्याने दिलेला नमुना मी हातावर घेऊन पाहिला होता. काळसर, मोकळा, मातीसारखा वास, मध्येमध्ये कातीचे चकचकीत तुकडे. सोबत प्रयोगशाळेचा अहवाल होता, नत्र 3 टक्के. "युरियाचा दाणाही लागणार नाही," असं छातीठोक सांगून त्याने सगळी रक्कम आगाऊ घेतली.

गोण्या आल्या त्या ऐन पेरणीच्या घाईत. दोनच उघडल्या, वरवर पाहिलं आणि माल शेतात पसरला.

उगवण बरी झाली. तिसऱ्या आठवड्यात, मुकुटमुळं (खोडाच्या बुडातून निघणारी मुळं) फुटायच्या वेळी, खालची पानं टोकाकडून पिवळी पडू लागली. फुटवे तर जवळजवळ नव्हतेच. शेवटी खत कमी पडलं म्हणून बांधालगतचा एक पट्टा तसाच राहिला होता, तो मात्र हिरवागार! तिथे उभा असताना पोटात खड्डा पडला.

रिकाम्या समजून ठेवलेल्या गोण्यांपैकी एकीच्या तळाशी थोडा माल शिल्लक होता. तो बादलीभर पाण्यात ढवळला. वर लाकडाचा भुसा तरंगला, तळाशी वाळू बसली. तपासणीत कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नत्राच्या किती पट कर्ब आहे तो आकडा, 40 च्या वर निघालं. चांगल्या खतात ते 20 च्या आत असावं. भुसा कुजवणारे जिवाणू मातीतलंच नत्र ओढून घेतात, म्हणजे पिकाच्या तोंडचा घास या खतानेच पळवला. नंतर युरिया दिला, पानं हिरवी झाली, पण फुटव्यांची वेळ निघून गेली होती.

मग तो अहवाल नीट वाचला. त्यावर लॉट नंबर नव्हता आणि तारीख माझ्या मालाच्या कितीतरी आधीची होती. विक्रेता आधी "तुमच्या जमिनीतच दोष आहे" म्हणाला, नंतर फोन उचलेनासा झाला.

आता मी पाच-सहा गोण्यांच्या मधून आणि तळातून मूठमूठ माल काढतो, एकत्र करतो आणि विक्रेत्यासमोरच दोन पुड्या सील करतो. एक त्याची, एक माझी. उरलेल्या मालाचं पाणी गाळून त्यात मुळ्याच्या दहा बिया भिजत घालतो, शेजारी साध्या पाण्यात दहा. कच्च्या फ्रासमधला अमोनिया कोंब जाळतो, ते दोन-तीन दिवसांत दिसतं. रोगजंतू मरावेत म्हणून माल तापवला होता का, हेही विचारतो. युरोपीय संघाच्या 2021 च्या नियमात फ्रास 70 अंशांवर किमान 60 मिनिटं तापवायची अट आहे. आणि पैसे पुडीचा अहवाल आल्यावरच.

नव्या विक्रेत्याला हे सगळं सांगितलं, तर त्याने स्वतःच बाह्या सारून गोणीच्या तळापर्यंत हात घातला.