जड मॅच बुलेटसाठी कोणता ट्विस्ट: १:९, १:८ की १:७? आणि .३०८ वाल्यांनी काय करावं?

हजार यार्डांवर वाऱ्याशी झुंजायचं तर लांब, जड बुलेट हवी, यावर फारसा वाद नाही. वाद सुरू होतो बॅरलपाशी. दुकानात बुलेटच्या खोक्यावर वजन ठळक अक्षरांत असतं, म्हणून बहुतेक जण वजनावरून ट्विस्ट, म्हणजे बॅरलच्या आतल्या खाचांचा पीळ, ठरवतात. खरं तर बॅरलला वजनाशी फार देणंघेणं नसतं. तिला कळते ती लांबी.

तांब्याची सबंध बुलेट घ्या आणि तेवढ्याच वजनाची शिशाच्या गाभ्याची घ्या. तांबं हलकं, म्हणून पहिली जास्त लांब भरते आणि तिला ट्विस्टही जास्त वेगवान लागतो. वजन मात्र दोन्हींचं एकच. लांबी मोजून मग बोलावं, हा सगळ्या तुलनेचा पाया.

१:८ म्हणजे बुलेट बॅरलमधून ८ इंच पुढे जाताना एक पूर्ण गिरकी घेते. आकडा लहान तितकी गिरकी जलद. गिरकी पुरेशी नसली तर बुलेट मंदावलेल्या भोवऱ्यासारखी डोलते, आणि फारच कमी पडली तर टार्गेटवर आडवी आदळून कागदात किल्लीच्या भोकासारखा लांबट छेद पाडते. किती पुरेशी हे काढायला १८७९ पासून ग्रीनहिलचं सूत्र होतं: १५० ला व्यासाच्या वर्गाने गुणायचं आणि लांबीने भागायचं. आज त्यापेक्षा डॉन मिलर यांचं सूत्र जास्त भरवशाचं. त्यातून एक स्थिरता गुणांक मिळतो. १.० च्या खाली बुलेट सरळ उडत नाही, १.५ च्या वर निर्धास्त. मधला पट्टा फसवा आहे, त्याबद्दल पुढे.

आधी .२२३ ची तुलना (.२२३ आणि .३०८ ही रायफलीच्या काडतुसांची नावं), कारण ट्विस्टच्या निवडीचा गोंधळ तिथेच सर्वांत जास्त. सेकंदाला २८०० फूट वेग, १५ अंश सेल्सिअस तापमान आणि समुद्रसपाटीचा हवेचा दाब धरून मिलरच्या सूत्राने काढलेले हे गुणांक. ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप. बुलेटच्या लांब्या ढोबळ आहेत. आपली बुलेट कॅलिपरने मोजून आकडा स्वतः काढलेला बरा.

| बुलेट | १:९ | १:८ | १:७ |
|---|---|---|---|
| ६९ ग्रेन, ०.९० इंच | १.६६ | २.१० | २.७४ |
| ७७ ग्रेन, ०.९९ इंच | १.४० | १.७८ | २.३२ |
| ८० ग्रेन, १.०७ इंच | १.१६ | १.४७ | १.९२ |
| ९० ग्रेन, १.२० इंच | ०.९४ | १.१८ | १.५५ |

१:९ ची बॅरल असेल तर ६९ ग्रेनवर थांबा. ७७ चालेल, पण काठावर. खरी फसगत होते ती ८० ग्रेनमध्ये. १.१६ गुणांकाची बुलेट आडवी आदळत नाही. ३०० यार्डांवर भोकं गोल पडतात, ग्रुपही (भोकांचा पुंजका) बरा येतो, आणि नेमबाज खूश होतो की आपल्या बॅरलला ८० पेलते. पण १.५ च्या खाली बुलेट किंचित डोलत उडते, हवेचा विरोध वाढतो आणि बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापत जाण्याच्या क्षमतेचा आकडा) काही टक्क्यांनी घसरतो. वाऱ्याने कमी सरकावी म्हणून जड बुलेट घेतली, तोच फायदा वाटेत गळतो. गोल भोक हा फक्त नापास न झाल्याचा दाखला आहे, पहिल्या वर्गाचा नव्हे.

त्यातून थंडी आली की हिशेब आणखी बिघडतो. थंड हवा दाट असते आणि दाट हवा बुलेटला उलटवायला जास्त जोर लावते. वरचाच १.१६ चा गुणांक उणे १५ अंशांवर १.०४ पर्यंत उतरतो. उलट १५०० मीटर उंचीवर विरळ हवेमुळे तो १.३९ होतो. म्हणजे डोंगरावर उत्तम चालणारी जोडी हिवाळ्यात समुद्रकाठच्या रेंजवर दगा देऊ शकते. ही काही पुस्तकी भीती नाही. सुरुवातीच्या एआर-१५ रायफलींना १:१४ चा ट्विस्ट होता. कडाक्याच्या थंडीत बुलेट नीट स्थिरावेना, म्हणून १९६० च्या दशकात तो १:१२ करावा लागला.

वेग वाढवून ही उणीव भरून काढू असं काहींना वाटतं. नाही भरत. वेग १० टक्क्यांनी वाढवला तर गुणांक जेमतेम ३ टक्क्यांनी वाढतो, आणि त्यासाठी बॅरलमधला दाब मात्र नको तिथे जातो. ट्विस्ट १:९ वरून १:८ वर आणला की तोच गुणांक २७ टक्क्यांनी वर जातो.

१:८ आणि १:७ यांतली निवड मात्र चवीवर सोडण्यासारखी नाही, ती ठरते ९० ग्रेनच्या प्रश्नावर. ९० ग्रेन हवीच असेल तर १:७ ला पर्याय नाही. तीही .२२३ मध्ये २८०० फुटांपेक्षा सावकाशच निघते, म्हणजे १.५ च्या आसपासच राहते. शिवाय तिला लांब थ्रोटचं (बुलेटपुढे जास्त मोकळी जागा असलेलं) चेंबर लागतं, नाहीतर बुलेट केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्यात, फार खोल बसवावी लागते. हा सगळा खटाटोप .२२३ ने हजार यार्डांच्या एफ-टीआरमध्ये (एफ-क्लास स्पर्धेचा .२२३ आणि .३०८ रायफलींचा गट) उतरणाऱ्यांसाठी. ६०० यार्डांपर्यंतच्या नेमबाजीला मी १:८ च सांगेन: मॅगझिनमधून ७७, आणि एकेक काडतूस हाताने भरून सावकाश नेम धरायचा तेव्हा ८०. ८० ग्रेनचं पूर्ण लांबीचं काडतूस तसंही मॅगझिनमध्ये मावत नाही.

मग सरसकट १:७ च का घेऊ नये? इथे जुनी समजूत आडवी येते: फार गिरकी दिली तर बुलेट अतिस्थिर होऊन नाक वर करून उडते म्हणे. टार्गेटवरच्या सपाट मार्गात याने काही बिघडत नाही. खरं नुकसान वेगळं आहे. बुलेटचं गुरुत्वकेंद्र अक्षापासून केसभर जरी सरकलेलं असलं, तरी मझल (बॅरलचं तोंड) सोडताना ती बाजूला फेकली जाते, आणि गिरकी जितकी जलद तितकी ही फेक जास्त. चांगल्या मॅच बुलेटमध्ये हा दोष इतका बारीक असतो की १:८ आणि १:७ यांतला फरक कागदावर शोधावा लागतो. स्वस्त बुलेटमध्ये तो ग्रुपमध्ये दिसतो. दुसरं, २८०० फुटांना १:७ मधून बुलेट मिनिटाला २,८८,००० गिरक्या घेते, १:८ मधून २,५२,०००. पातळ जॅकेटच्या (वरच्या धातूच्या आवरणाच्या) हलक्या, अति वेगवान बुलेट अशा गिरकीला वाटेतच फुटू शकतात. फक्त जड मॅच बुलेट मारणाऱ्याने याची धास्ती घेऊ नये. त्याच बॅरलमधून हलक्याही मारणार असाल तर १:८ बरी.

.३०८ मध्ये चित्र सरळ आहे. १७५ ग्रेन, लांबी साधारण १.२४ इंच, वेग २६०० फूट: १:१२ ला गुणांक १.६७. म्हणजे जुनी १:१२ ची बॅरल या बुलेटला अगदी पुरेशी आहे. पाल्मा सामन्यांत (लांब पल्ल्याची .३०८ ची स्पर्धा) तर अनेक वर्षं १५६ ग्रेनांच्या आतलीच बुलेट चालायची, म्हणून तिथल्या बॅरल १:१३ च्याही असत. आता २०० ग्रेनची, दीड इंच लांबीची हायब्रिड (मिश्र आकाराच्या नाकाची) बुलेट घ्या. १:१२ ला गुणांक १.१०, १:११ ला १.३०, १:१० ला १.५८. सूत्रात लांबी जवळजवळ तिसऱ्या घाताने वागते, त्यामुळे वजन २५ ग्रेनने वाढलं तरी लांबी पारडं उलटवते.

बदल्यात मिळतं काय? हजार यार्डांवर ताशी १ मैल आडव्या वाऱ्याचा अंदाज चुकला, तर १७५ ग्रेनची बुलेट सुमारे १० इंच सरकते आणि २०० ची ७ इंचांच्या आसपास. अमेरिकन एफ-क्लास टार्गेटवर १० गुणांचं वर्तुळ १० इंच व्यासाचं असतं, म्हणजे मध्यापासून ५ इंच. दोन्ही बुलेट बाहेरच जातील, पण एक ९ मध्ये पडेल आणि दुसरी त्याच्या काठावर. किंमत खांद्याला मोजावी लागते: बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) २०० ग्रेनची .३०८ हाताळायला तंत्र पक्कं लागतं, रायफल उडी मारते.

इथे एक सावधगिरी. १६८ ग्रेनची प्रसिद्ध मॅच बुलेट .३०८ मधून हजार यार्डांजवळ ध्वनीच्या वेगाला टेकताना भरकटते, हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. मग जलद ट्विस्टची बॅरल घेऊ, असा निष्कर्ष निघतो. तो चुकीचा आहे. पुढे जाताना बुलेटचा वेग झपाट्याने कमी होतो, गिरकी मात्र हळूहळू, त्यामुळे ट्विस्टने दिलेली स्थिरता अंतराबरोबर वाढतच जाते. १६८ ची अडचण तिच्या १३ अंशांच्या तीव्र बोटटेलमध्ये (मागच्या निमुळत्या भागात) आहे. १७५ मध्ये तोच कोन ९ अंशांचा आहे. यावर इलाज बुलेट बदलणं हाच.

ज्याच्याकडे १:१२ ची .३०८ आहे आणि नेमबाजी ६०० यार्डांपर्यंतच आहे, त्याने बॅरल झिजेपर्यंत १७५ वापरावी. तेवढ्यासाठी चांगली बॅरल काढून टाकणं पैशाचा अपव्यय. नवी बसवायचीच असेल तर आधी बुलेट ठरवा आणि सगळ्यात थंड दिवसाचा गुणांक १.५ येईल असा ट्विस्ट मागा. प्लॅस्टिक टोकाच्या बुलेटला सूत्रात टोकासकट लांबी घातली तर गुणांक प्रत्यक्षापेक्षा कमी येतो, कारण टोकाला वजनच नसतं. तिथे उत्पादकाने सांगितलेला ट्विस्ट धरा.

आणि बॅरलवर कोरलेला आकडा एकदा पडताळून घ्या. रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढा, हँडल फिरतं असलेल्या क्लीनिंग रॉडला घट्ट पॅच लावून तो आत ढकला, रॉडवर चिकटपट्टीची खूण करा, आणि खूण एक पूर्ण फेरी घेऊन परत वर येईपर्यंत रॉड किती आत गेला ते मोजा. दोन-तीनदा मोजून सरासरी घ्या. ९ च्या जागी ९.२ इंच आले, तर ८० ग्रेनचा १.१६ हा आकडा १.११ होतो, आणि मग १:९ वर ८० मारण्याचा विचार तिथेच सोडून द्यावा.