मॉन्ट्रियल की पॅरिस? प्रकल्पाचा विषय ठरवताना

'जागतिक पर्यावरण करार आणि सरकारची भूमिका' असा विषय घेऊन राज्यशास्त्राची मुलं माझ्याकडे येतात आणि पहिल्याच पायरीवर अडतात. नेमका कोणता करार घ्यायचा? हाताशी तीन महिने असतील तर मी मॉन्ट्रियल सांगते, म्हणजे ओझोनचा थर वाचवण्यासाठीचा करार.

तिथे सरकारचा हात दिसतो. कोथरूडला आमच्या गॅलरीतल्या जुन्या एसीच्या बाहेरच्या युनिटवर आतल्या थंड करणाऱ्या वायूचं नाव आर-२२ लिहिलंय, शेजाऱ्यांच्या नव्या एसीवर आर-३२. आर-२२ ओझोनचा थर खातो, म्हणून तो हटवायचा. आर-३२ थराला धक्का लावत नाही, पण हवा तापवतो. म्हणून याच करारातल्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्याच्या कुळातल्या वायूंवरही कात्री लागली. भारताची कपात २०३२ पासून, २०४७ पर्यंत ८५ टक्के.

१९८७ च्या या करारात आपण लगेच गेलो नाही. थर ज्यांनी विरळ केला त्यांनी खर्च उचलावा, यावर आपलं सरकार अडून बसलं. १९९० ला लंडनमध्ये निधीचं ठरलं, १९९२ मध्ये आपण करारात सामील झालो. मग २००० साली देशात नियम आले. असे वायू बनवणं, आणणं, विकणं नोंदणीखाली गेलं. शिवाय कराराबाहेरच्या देशांशी या वायूंचा व्यापार बंद, त्यामुळे बाहेर राहणं कुणालाच परवडेना. वाटाघाटीच्या टेबलापासून मेकॅनिकच्या सिलिंडरपर्यंत एकच धागा ओढत नेता येतो, आणि मला तो फार मोलाचा वाटतो.

पॅरिसचं तसं नाही. हवामानबदल रोखण्यासाठीच्या २०१५ च्या त्या करारात प्रत्येक सरकार आपलं उद्दिष्ट आपणच ठरवतं, दर पाच वर्षांनी नवं कळवतं. चुकलं तर दंड नाही. भारताने २०२२ मध्ये सांगितलं की जीडीपीच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २०३० पर्यंत २००५ च्या मानाने ४५ टक्क्यांनी घटवू. एकूण उत्सर्जन घटवण्याचा शब्द यात नाही. मुलं इथे हमखास चुकतात. अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ ला परतली आणि २०२५ मध्ये पुन्हा निघायचं ठरवलं. तीन महिन्यांत हे सगळं आवरत नाही.

वर्षभर वेळ असेल आणि आकड्यांची धास्ती नसेल, तर मात्र पॅरिस घ्या आणि सुरुवात पाषाणहून करा. तिथल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने तयार केलेलं हवामानाचं संगणकी प्रारूप आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या सहाव्या अहवालामागच्या जागतिक प्रारूपांत होतं. सरकारी पैशावर चालणारी प्रयोगशाळा जगाच्या वाटाघाटींना कशी पोचते, हे पुण्यात बसून अभ्यासता येईल.