देवळामागचं ज्येष्ठांचं केंद्र: काम झकास, नोंद कच्ची (5 पैकी साडेतीन)

गुहागर तालुक्यात पालशेतच्या पुढे मेन रोड सोडून आत गेलं की देवळामागे ज्येष्ठांसाठी दिवसभराचं केंद्र चालतं, त्याबद्दल बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. माझ्या सासूबाई जातात तिथे. सत्तरी उलटलीय, गुडघे कुरकुरतात, आणि घरी ठेवलं की दिवसभर टीव्हीसमोर डुलक्या आणि रात्री टक्क जाग्या.

आधी चांगलं. भजन, कॅरम आणि पेपर एवढ्यावर भागवत नाहीत, काम देतात. एप्रिल-मे मध्ये रातांबे म्हणजे कोकमाची फळं येतात, ते फोडायचे, बिया काढायच्या, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकायची, वाळली की परत रसात, असं करत करत आमसुलं होतात आणि त्यात शेवटचा शब्द सासूबाईंचा. विकून आलेले पैसे वाटून घेतात. रक्कम फार नाही, पण त्यातून नातीला फ्रॉक आणला आणि वर बिल मला दाखवलं! दोघे-तिघे जुने खलाशी फाटलेली जाळी दुरुस्त करून देतात. एक रिटायर गुरुजी शाळा सुटल्यावर पोरांचे पाढे घेतात, त्यांना ऐकू कमी येतं म्हणून पोरं बोंबलून म्हणतात, त्यामुळे एकोणतीसचा पाढा आता अख्ख्या वाडीला पाठ आहे. ज्याला काम नको त्याने बसून राहावं, कोणी हटकत नाही, आणि मला हेच जास्त आवडलं कारण म्हातारपणी पेन्शन नाही म्हणून राबणं वेगळं आणि मन लागतं म्हणून हात चालवणं वेगळं.

आता वाईट. हॉलला मार्बल, पंख्यांवरसुद्धा देणगीदारांची नावं, आणि संडासात धरायला एक दांडी नाही. जांभ्याच्या पायऱ्या पावसात शेवाळतात, तिथे कठडा नाही. पंच्याहत्तरी झालेल्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, सगळं मान्य, पण स्टॉपपासून केंद्रापर्यंतचा चढ गुडघ्यांनीच चढायचाय ना.

आणि माझी मोठी तक्रार नोंदींची. सांभाळणाऱ्या ताई वहीत लिहितात, कोण आलं, कोणाचं बीपी किती, खुर्चीतून उठून दारापर्यंत जायला कोणाला किती वेळ लागला. सोन्यासारखी वही आहे, पण ताई एकट्या, स्वयंपाकही त्याच बघतात, मग मधले महिनेच्या महिने कोरे. मध्ये एका कॉलेजची मुलं आली, मुठीची ताकद मोजायचं मशीन दाबायला लावलं, फॉर्म भरले, फोटो काढले आणि गेली ती गेलीच. सासूबाई अजून विचारतात, माझा नंबर कितवा आला गं?

देशपातळीवर हे काम नीट झालंय. लासी नावाचा वाढत्या वयाच्या माणसांचा सर्व्हे मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांबरोबर केला, 2017-18 मध्ये, पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाची 72 हजारांवर माणसं, त्यात मुठीची ताकद, चालण्याचा वेग, शब्द लक्षात राहणं, काम, पैसा, एकटेपणा, सगळं. पैसे केंद्रीय आरोग्य मंत्रालय, अमेरिकेची नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग आणि युनोचा लोकसंख्या निधी यांचे. त्याच माणसांकडे पुन्हा पुन्हा जायचं हीच त्याची रचना. पण ते आकडे राज्याचं चित्र दाखवतात, आपल्या तालुक्याचं नाही. आणि आपलं चित्र वेगळंच आहे हो, 2001 ते 2011 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, 16.97 लाखांवरून 16.15 लाख, आणि हजार पुरुषांमागे 1122 बायका, कारण कमावते मुंबईला. मागे राहतं कोण ते सांगायला नको.

म्हणून मला वाटतं इथे एका शिकलेल्या माणसाचा निदान चार-पाच वर्षांचा पगार कोणीतरी द्यावा, फक्त मोजायला आणि विचारायला. जे येतात त्यांनाच नाही, जे येत नाहीत आणि जे यायचे बंद झाले त्यांनाही, कारण तो चढ चढून येणारा मुळातच धडधाकट असतो, मग केंद्रामुळे तब्येत सुधारली असं कशावरून म्हणायचं? आमसुलं करण्याने फरक पडतो, की चार माणसांत बसल्याने, की हातात पैसे आल्याने, हे कळलं तर बाकीच्या गावांना उपयोग होईल. मी गावच्या मुंबईतल्या मंडळातल्या एका काकांना बोलले तर म्हणाले, कल्पना छान आहे पण पाटी कुठे लावणार? दुसरा हॉल मात्र बांधायला तयार आहेत.

सरकारची सेज म्हणून योजना आहे 2021 पासूनची, ज्येष्ठांसाठी वस्तू-सेवा करणाऱ्या स्टार्टअपला 1 कोटीपर्यंत भांडवल मिळतं, पण आमच्या ताईंच्या वहीला स्टार्टअप कोण म्हणणार.

जाणाऱ्यांसाठी: सकाळी लवकर न्या, दुपारी हॉल तापतो. महिन्याची फी किरकोळ आहे, नसेल त्याच्याकडून घेत नाहीत. चहा गोडमिट्ट असतो, शुगर असेल तर आधी सांगून ठेवा. पावसाळ्यात सोबत कोणीतरी हवंच, निदान पायऱ्यांपर्यंत. आमसुलं मे अखेरीला मिळतात, पण गावातलेच आधी उचलतात, तेव्हा ताईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं.